तान्ह्या बाळाला दूध बाधते काय ?

चार-पाच महिन्यांचे मूल वारंवार दूध ओकू लागले, त्यास पातळ शौचास होऊ लागली किंवा अंगावर लाल चट्टे उठले, की घरातील वडीलधारी मंडळी एक वाक्य हमखास उच्चारतात : "याला दूध बाधते." अलीकडे अनेक घरांतून याच वाक्याची जागा "याला दुधाची ॲलर्जी आहे" या वाक्याने घेतली आहे. शब्द बदलला तरी त्यापाठोपाठ होणारी कृती बहुधा तीच राहते. दूध बंद केले जाते. कोणते दूध, किती दिवस आणि कोणाच्या सल्ल्याने, हे प्रश्न मागे पडतात. कित्येकदा या घाईत आईचे दूधच तोडले जाते आणि त्याच्या जागी पाणी घातलेले वरचे दूध, पिठाचे पाणी अथवा बाजारातील डबा येतो. ज्या बाळाला मुळात कोणताही आजार नव्हता, ते अशा रीतीने खरोखरच आजारी पडू शकते. उलटपक्षी, ज्या थोड्या बालकांना दूध खरोखर बाधत असते, त्यांच्या बाबतीत दृष्ट काढण्यात आणि गुटी उगाळून देण्यात मोलाचे दिवस निघून जातात.

गावात अशा प्रसंगी आई किंवा आजी प्रथम विचारते ती अंगणवाडी सेविकेला, आशा कार्यकर्तीला, नाहीतर शाळेतील बाईंना. रोगाचे निदान करणे हे यांपैकी कोणाचेच काम नव्हे. परंतु शंका कितपत खरी असू शकते, बाळाला डॉक्टरांकडे केव्हा न्यावे आणि तोवर काय मुळीच करू नये, एवढे त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

एका शब्दात दोन आजार

'बाधणे' हे मराठी क्रियापद मोठे सोयीचे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आणि दुधातील साखर न पचणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टींना आपण हाच एक शब्द लावतो.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम योजला. रोगजंतूंशी झुंज देणारी शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, असे तिचे स्वरूप सांगता येईल. गाईच्या दुधाच्या बाबतीत हा 'शत्रू' म्हणजे केसीन व बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांसारखी प्रथिने होत. यांपैकी दुसरे प्रथिन मानवी दुधात तयारच होत नाही. खऱ्या ॲलर्जीत प्रथिनाची अल्प मात्राही त्रास देऊ शकते.

दुसरा प्रकार दुधातील साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. ही साखर पचविण्यासाठी लागणारे लॅक्टेज नावाचे द्रव्य आतड्याच्या अस्तरात असते. ते जन्मतःच नसणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट होय. निसर्गाने आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षाही अधिक लॅक्टोज ठेवले आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानी घेण्यासारखी आहे. मात्र मोठा अतिसार होऊन गेल्यावर आतड्याचे अस्तर काही काळ दुखावलेले राहते. त्यामुळे साखर नीट पचत नाही, पोट फुगते आणि फेसाळ, आंबूस वासाची शौच होते. अस्तर सुधारले की हा त्रास आपोआप जातो. तोपर्यंत स्तनपान चालू ठेवावे, जलसंजीवनी पाजावी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेल्या जस्ताच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा क्रम पूर्ण करावा.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. दही लावताना दुधातील काही साखर खर्ची पडते, म्हणून साखर न पचणाऱ्या मोठ्या माणसाला दही-ताक सोसते. प्रथिने मात्र दह्यात जशीच्या तशी राहतात. ॲलर्जी असलेल्या मुलाला दूध बंद करून ताक पाजण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. दूध उकळल्यानेही केसीन नाहीसे होत नाही. आपल्याकडे गाईचे बाधले तर म्हशीचे आणि म्हशीचे बाधले तर शेळीचे, असा क्रम लावण्याची पद्धत आहे. शेळीचे दूध हलके, ही समजूत तर घरोघरी आढळते. वस्तुतः या तिन्ही जनावरांच्या दुधांतील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ज्याला गाईचे दूध बाधते त्याला इतर दोन्हीही बहुधा बाधतातच.

लक्षणे कशी ओळखावीत ?

ॲलर्जीची लक्षणे दोन तऱ्हांनी प्रकट होतात. काही बाळांत दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात. क्वचित श्वास घेताना घरघर होते, बाळ निस्तेज व थंड पडते. ही शेवटची अवस्था प्राणावर बेतणारी असते. तेव्हा कोणताही घरगुती उपाय करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. यावर तातडीचा उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन होय.

आपल्या घरांतून सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे उष्टावण होते आणि पहिला घास पुष्कळदा खिरीचा असतो. तोवर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात जनावराचे दूध थेट जाण्याचा हाच पहिला प्रसंग. त्या दिवशी अंगावर गांधी उठल्या तर पाहुण्यांची दृष्ट लागली, असा समज होणे स्वाभाविक आहे. त्या घासात दूध होते, याची आठवण घरच्यांना करून द्यावी.

दुसऱ्या तऱ्हेची लक्षणे काही तासांनी किंवा दिवसांनी दिसू लागतात, म्हणून त्यांचा दुधाशी संबंध जोडणे कठीण जाते. शौचातून आव व रक्ताचे धागे पडणे, दीर्घकाळ पातळ शौचास होणे, हट्टी इसब आणि मुख्य म्हणजे वजन न वाढणे ही ती लक्षणे. अर्थात यांपैकी प्रत्येकास इतरही कारणे असतात. रक्तमिश्रित शौच आणि मधूनमधून कळवळून रडणे, किंवा हिरवी उलटी, ही आतड्याच्या अडथळ्याचीही चिन्हे असू शकतात. अशा बाळास त्याच दिवशी रुग्णालयात दाखविले पाहिजे.

परंतु पुष्कळशा तक्रारींत यांपैकी काहीच नसते. पाजल्यावर बाळ दुधाची गुळणी टाकते, संध्याकाळी तासन् तास रडते, दिवसातून सात-आठ वेळा पिवळी पातळ शौच करते. अंगावर पिणाऱ्या बाळात हे सारे स्वाभाविक असू शकते. रडणे तीन-चार महिन्यांनंतर ओसरते, गुळण्या वर्षाच्या आत बहुधा थांबतात. बाळ खेळकर आहे, दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आणि त्याचे वजन वाढत आहे, तर ॲलर्जीची शंका फारशी टिकत नाही. ढोबळ मानाने जन्माच्या वेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. या बाबतीत आजीच्या नजरेपेक्षा अंगणवाडीतील वजनकाट्यावर आणि माता-बाल संरक्षण कार्डातील आलेखावर विश्वास ठेवणे श्रेयस्कर.

शंका वाजवीपेक्षा अधिक घेतली जाते, हा अनुभव आपल्यापुरता मर्यादित नाही. युरोपातील काळजीपूर्वक केलेल्या पाहणीत सिद्ध झालेल्या दूध-ॲलर्जीचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी भरले. असे असता इंग्लंडमध्ये ॲलर्जीसाठीच्या खास पावडरींच्या चिठ्ठ्या २००६ साली सुमारे १ लाख ५ हजार होत्या, त्या २०१६ साली ६ लाखांवर गेल्या. दहा वर्षांत मुलांची प्रकृती इतकी पालटली असेल, असे कोणी मानत नाही. पावडर करणाऱ्यांचा प्रचार आणि सैल निदान यांकडे तेथील वैद्यक नियतकालिकांनीच बोट दाखविले.

निदानाची रीत

रक्ताची एखादी तपासणी केली की निकाल लागला, असे येथे होत नाही. रक्ताच्या व त्वचेच्या तपासण्या पहिल्या, तात्काळ तऱ्हेच्या ॲलर्जीतच उपयोगी पडतात, आणि त्यांतही नुसती तपासणी सदोष निघाली म्हणजे आजार आहेच असे नाही. खरी कसोटी जुनी आणि साधी आहे. दोन ते चार आठवडे जनावराचे दूध व दुधाचे सर्व पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करावयाचे, लक्षणे जातात का ते पाहावयाचे आणि मग दूध पुन्हा देऊन ती परत येतात का ते पाहावयाचे. यातील उत्तरार्ध बहुतेक ठिकाणी गाळला जातो. दूध बंद केले, बाळ बरे झाले, म्हणजे दूधच बाधत होते, असा निष्कर्ष घरचे काढतात; प्रत्यक्षात बाळ तेवढ्या दिवसांत आपोआपच बरे झालेले असू शकते. मात्र ज्या बाळाला पूर्वी तात्काळ व तीव्र त्रास झाला असेल, त्याला घरी दूध देऊन पाहण्याचे धाडस कदापि करू नये. ती चाचणी रुग्णालयातच व्हावी.

आईचे दूध तोडू नये

ॲलर्जी सिद्ध झाली तरी स्तनपान थांबविण्याचे कारण नसते. आईने घेतलेल्या गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिनांचा सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतो, हे खरे. परंतु तेवढ्याने त्रास होणारी बाळे फारच थोडी असतात. त्यांच्याही बाबतीत पथ्य आईने पाळावयाचे असते, उपास बाळाने करावयाचा नसतो. डॉक्टरांनी सांगितल्यास आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा, पेढे व दूध घातलेली बिस्किटे ठरावीक मुदतीपुरती सोडावीत. नुसत्या शंकेवरून बाळंतिणीचे ताट रिकामे करू नये, हे सासरच्या मंडळींना कोणीतरी अधिकाराने सांगण्याची गरज असते. दुधाऐवजी नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, डाळी आणि चालत असल्यास अंडी व मासे तिला मिळावेत, शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियमच्या गोळ्या. हळिवाची खीर चालणार नाही. पण नारळ-गुळातील हळिवाचे लाडू खुशाल चालतील.

आई नाही किंवा तिला दूधच येत नाही, अशा बाळाचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्याच्यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे करून तयार केलेल्या खास पावडरी असतात. त्या साध्या पावडरीहून पुष्कळच महाग असतात आणि ग्रामीण भागात सहज मिळत नाहीत. सोयाबीनवर आधारित पावडर तुलनेने स्वस्त असते, परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळाला ती सहसा देऊ नये असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. नारळाचे किंवा बदामाचे दूध, तांदळाची पेज, साबुदाण्याचे पाणी हे दुधाचे पर्याय नव्हेत. अशा बाळाचा आहार जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठरला पाहिजे.

येथे कायद्याची आठवण करून देणे उचित होईल. शिशु दुग्ध पर्याय, दूधपाजणी बाटल्या व शिशु खाद्य यांविषयीचा १९९२ चा केंद्रीय अधिनियम २००३ साली अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार दोन वर्षांखालील बालकांच्या दुग्ध पर्यायांची व खाद्याची जाहिरात करणे, नमुने फुकट वाटणे, आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यासाठी लाभ देणे हे गुन्हे आहेत. गावातील बालमेळाव्यास अथवा आरोग्य शिबिरास एखाद्या कंपनीने 'पौष्टिक खाद्या'ची देणगी देऊ केल्यास सरपंचांनी व ग्रामसेवकांनी हा कायदा अवश्य डोळ्यांसमोर ठेवावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात सहा महिन्यांखालील शेकडा ६३.७ बालके केवळ स्तनपानावर होती. उरलेल्यांच्या बाबतीत पाणी, गुटी व वरचे दूध लवकर सुरू होते. त्यात ॲलर्जीच्या अवाजवी भीतीची भर नको.

गावपातळीवर काय करता येईल

आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जाते आणि पुढे ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत पुन्हा भेट देते. शंका बोलून दाखविण्याची हीच जागा. तिने ऐकून घ्यावे, बाळाचे वजन पाहावे आणि आईला एक साधी टिपण ठेवावयास सांगावे : बाळाने काय घेतले, किती वेळाने काय झाले, आईने त्या दिवशी काय खाल्ले. आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नणंद किंवा मोठे भावंड हे काम आनंदाने करील. डॉक्टरांसमोर दोन आठवड्यांची अशी टिपण ठेवली तर ती अनेक तपासण्यांइतकी उपयोगी पडते.

निदान निश्चित झालेल्या बाळाचे नाव व वर्ज्य पदार्थ अंगणवाडीच्या नोंदवहीत ठळक लिहावेत. घरपोच आहाराची पाकिटे देताना त्यांवरील घटकांची यादी वाचावी. वेष्टित खाद्यात दूध असल्यास तसे स्पष्ट छापणे २०२० च्या लेबलविषयक नियमांनी बंधनकारक आहे. सेविका बदलून गेली तरी ही नोंद नव्या सेविकेच्या हाती पडली पाहिजे. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत ओसरते. त्यामुळे दर सहा महिन्यांनी ते वर्षाने डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्यावी, आणि दूध सोसू लागल्याचे त्यांनी सांगितले की नोंदवहीतील ती ओळ तारीख घालून खोडावी.