गावातील मुलांचे रक्षण आणि त्यावरील देखरेख

ह्या पाठासाठी आम्ही उमरखेड तालुका डोळ्यांपुढे ठेविला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास हा तालुका आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर. हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण आजच्या विषयाचे मर्म बरेचसे त्यातच आहे.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे जिल्ह्यास बाल कल्याण समिती असते. तीत अध्यक्ष व चार सभासद असून निदान एक सभासद स्त्री असावी लागते. टाकलेले, हरवलेले, छळ सोसणारे किंवा कामास जुंपलेले मूल हाती आले, म्हणजे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास ह्या समितीपुढे नेले पाहिजे. त्याचे पुढे काय करावे, हे तीच ठरविते. व्यवस्था चांगली आहे. परंतु यवतमाळास बसलेल्या समितीस एखाद्या तांड्यावरील किंवा पोडावरील पोरीचे हाल कसे दिसावेत? कोणी कळविले तरच दिसतील.

म्हणून महाराष्ट्रात गावोगाव ग्राम बाल संरक्षण समिती नेमण्याची योजना आहे. सरपंच तिचे अध्यक्ष व अंगणवाडी सेविका सचिव. शाळेचे मुख्याध्यापक, पोलीस पाटील वगैरे मंडळी सभासद. आपल्या गावी ही समिती कागदावर असेलच. तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे मात्र पुष्कळांस सांगता येणार नाही, आणि आमच्या मते सर्व दुखणे येथे आहे.

हे दुखणे कोणत्या महिन्यांत वाढते ते पाहा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीस निघतात. टोळीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि उचल कोयत्यावर मिळते. त्यामुळे पोरीचे लग्न लवकर उरकण्याचा मोह घरात शिरतो, मग तिला अठरा पुरी झालेली असोत वा नसोत. जी मुले बरोबर जातात त्यांची शाळा बुडते. जी मागे राहतात ती म्हाताऱ्या आजीच्या स्वाधीन. तिला धड दिसत नाही, आणि रात्री दाराशी कोण आले हे तिला कळत नाही. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहाची सोय ठेविली आहे, व शाळेने शिक्षण हमी पत्रक दिल्यास परगावच्या शाळेत मुलास बसविता येते. आईबाप नसलेल्या वा एकच पालक उरलेल्या मुलास बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरे उघडी पडली हे वाचकांस सांगावयास नको. अर्ज झाला काय, पैसा मुलाच्या पोटापर्यंत पोहोचला काय, हे विचारणारे माणूस मात्र गावातलेच हवे.

आता अडचण बोलू. अंगणवाडीची बाई मानधनावर काम करते व तिला त्याच गावात राहावयाचे असते. अपराधी सरपंचाच्या भावकीतला निघाला, तर तिने वहीत काय लिहावे? पुष्कळदा प्रकरण पंचांपुढे जाते, काही रक्कम ठरते आणि पोरीच्या तोंडाला कुलूप बसते. आम्ही स्पष्ट लिहितो: मुलावरील लैंगिक अत्याचार आपसात मिटविण्याचा अधिकार कोणत्याही पंचास नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने असा अपराध ज्यास ठाऊक झाला त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. लपविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सद्भावनेने कळविणाऱ्यावर उलट दावा चालत नाही. त्यासाठी समितीची परवानगी लागत नाही. 1098 ह्या क्रमांकावर कोणीही, मूल स्वतःसुद्धा, फुकट बोलू शकते. बालविवाहाच्या बाबतीत ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच गावचे प्रतिबंधक अधिकारी होत.

गावच्या साध्या माणसांच्या हाती इतके द्यावे काय, अशी शंका काहींस येईल. स्कॉटलंडात 1971 पासून अडचणीतील मुलांचे निर्णय त्याच भागातील, शिकवून तयार केलेले तीन बिनपगारी नागरिक बसून करतात. तेथे साधा माणूस चालतो. त्यास शिक्षण दिलेले असते, एवढाच भेद.

देखरेख म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे, असा घोटाळा कोणी करू नये. पीडित मुलाचे नाव फोडणे हाच अपराध आहे. चावडीवर ते नाव निघाले की त्या मुलास गावात तोंड दाखविणे कठीण होते. विचारावयाचे ते समितीच्या कामाविषयी: बैठका किती झाल्या, किती मुलांची चौकशी केली, किती अर्ज वर गेले, किती परत आले. संख्या सांगता येते. नावे वहीत राहू द्यावीत.

हाच नियम आपल्या वसतिगृहांस व बालगृहांसही आहे. निराधार मुले ठेवणारी संस्था, मग ती कोणत्याही धर्माची असो, नोंदलेली पाहिजे. नसेल तर चालकास एक वर्षापर्यंत कैद किंवा निदान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही. “आमचे काम सेवेचे, आम्हांस तपासणी कशाला?” असे म्हणणाऱ्यांनी 2016 सालचे पाळा येथील प्रकरण आठवावे. बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या ह्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली आणि शाळेतील माणसे धरली गेली. ती वाचा प्रथम फुटली ती दिवाळीच्या सुटीत, घरी. मुलास मोकळे बोलता येईल असे बाहेरचे एक माणूस प्रत्येक वसतिगृहास असावे, असे आमचे मत आहे. पाहुण्यांच्या वहीतील स्तुतीने हे काम होत नाही.

ग्रामसभा बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर ह्या सुमारास भरतात. ह्यांपैकी 2 ऑक्टोबरची सभा टोळ्या निघण्यापूर्वीची शेवटची होय. त्या सभेस आपल्या मंडळीतील दोघा-तिघांनी, एखाद्या बाईसह, अवश्य जावे. किती कुटुंबे जाणार, किती मुले मागे राहणार, त्यांच्यासाठी वसतिगृह मागितले काय, आणि दर आठवड्यास त्यांच्या दारी कोण जाणार, एवढे विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.