गोरखचिंच चिंचेची कोण?

प्रश्न: वड आणि पिंपळ एकाच प्रजातीतले आहेत, हे वाचून आम्हा पंचवटीकरांना नवल वाटले. मग चिंच आणि गोरखचिंच यांचे नाते काय? दोन्ही आंबट, दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या. (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर: नाते काहीच नाही. वडाला पारंब्या, पिंपळाच्या पानाला लांब शेपटी. तरी दोघे फायकस प्रजातीत येतात, कारण दोघांची बारीक फुले फळासारख्या बंद पुष्पासनात दडलेली असतात. उंबरही त्यांच्यातलाच. नाते ठरवताना फुलाची रचना आधी पाहायची, चव नंतर.

चिंचेच्या फुलात नीट वाढलेल्या पाकळ्या तीन, कामाचे पुंकेसरही तीनच, आणि पुढे शेंग धरते. गोरखचिंचेला पाच पांढऱ्या पाकळ्या आणि शेकडो पुंकेसर, तेही तळाशी जुळून नळी झालेले. अशी नळी जास्वंदीत, भेंडीत, कापसात दिसते. पान मात्र सावरीसारखे, पंजाच्या आकाराचे. म्हणून पूर्वी तिला सावरीबरोबर शाल्मली कुलात ठेवत. आता दोघीही भेंडीच्या कुलात गेल्या आहेत.

गोरखचिंचेच्या प्रजातीचे नाव ॲडॅन्सोनिया. १७४९ साली सेनेगलला गेलेल्या मिशेल ॲडॅन्सन या फ्रेंच अभ्यासकाने या झाडाचे बारकाईने वर्णन केले. त्याचेच नाव लिनियसने प्रजातीला दिले. आज तिच्या आठ जाती मानतात: सहा मादागास्करात, एक ऑस्ट्रेलियात, एक आफ्रिकेत. आपल्याकडची ती आफ्रिकेची. १९९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बॉम यांनी या प्रजातीचे तीन गट मानले, तेही बरेचसे फुलावरून: कळी गोल की लांबट, पुंकेसरांची नळी आखूड की लांब. लांब नळीच्या फुलांकडे पतंग येतात, आफ्रिकेच्या लोंबत्या फुलांकडे वटवाघळे. म्हणजे हे फरक वरवरचे नाहीत.

मला सर्वांत बोलके वाटते ते किलिमाचे प्रकरण. आफ्रिकेतल्या उंचावरच्या काही झाडांची फुले लहान, पराग वेगळे, पानांवरची रंध्रे वेगळी आणि गुणसूत्रे निम्मी, असे सांगून २०१२ मध्ये किलिमा ही नवी जाती मांडली गेली. २०१६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी अनेक झाडे तपासली, तेव्हा ही लक्षणे एकमेकांशी जुळेनात. लहान फुलाच्या झाडात गुणसूत्रे निम्मीच असतील, असा नेम राहिला नाही. ती जाती त्यांनी अमान्य केली. एक लक्षण पकडून जाती ठरत नाही. अनेक लक्षणे एकत्र चालावी लागतात.

गोरखचिंच संध्याकाळी फुलते आणि फूल लवकर गळते. पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडलेले फूल मिळाले, तर नळी उभी चिरून शेजारी जास्वंद ठेवून पाहा.