प्रसाद आणि अहंकार

भगवंताची कृपा झाली असे सर्वच म्हणतात. परंतु कृपा झाल्यावर चित्तात काय उत्पन्न होते, याचा विचार क्वचितच होतो. गीतेच्या १८ व्या अध्यायातील ५८ व्या श्लोकात 'प्रसाद' आणि 'अहंकार' हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. माझ्या ठायी चित्त ठेवल्यास माझ्या प्रसादाने सर्व संकटे तरशील, अहंकाराने ऐकले नाहीस तर नाश पावशील, असा त्याचा आशय. अहंकाराची खूण म्हणून येथे बढाई सांगितलेली नाही. न ऐकणे सांगितले आहे.

झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरचे उदाहरण घ्यावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, झाशीचे मराठे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांच्या अमदानीत, छत्रपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळलेले व्यापारी येथे आश्रयास आले आणि शेतकऱ्यांच्या साध्या गावाची पेठ झाली. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून काढलेल्या रंगाचे येथील तांबडे खारवा कापड नावाजले. पुढे १८६९ नंतर युरोपातील कारखान्यांत कृत्रिम तांबडा रंग निघू लागला आणि आलाची लागवड बसली. यांपैकी आश्रय, जमीन, मुळीतला रंग, काहीच व्यापाऱ्याने निर्माण केलेले नव्हते. तरीही कोणत्याही पेढीवर बहुधा एकच भाषा ऐकू येते: वाढ झाली ती माझ्या चातुर्याने, बूड आली ती दैवाने! वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहिलेले असते. पुढची सारी पाने मात्र 'मी'ची.

यावर उपाय म्हणून कित्येक सज्जन स्वतःला पामर, अपात्र म्हणवून घेतात. हीही एक प्रकारे स्वतःचीच चर्चा होय. १८ व्या अध्यायातील ७३ व्या श्लोकात अर्जुन स्वतःची निंदा करीत नाही. तुझ्या प्रसादाने मोह गेला, तू सांगशील ते करीन, एवढेच तो म्हणतो.

याहून सूक्ष्म अभिमान भक्ताला होतो. कापडाशीच संबंध असलेल्या शिंपी कुळातील संत नामदेव यांच्याशी विठ्ठल बोलत असे, त्यांच्या हातचा नैवेद्य खात असे. परंपरा सांगते की, संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले. इतर शांत राहिले. नामदेव रागावले, आणि काकांनी 'हे मडके कच्चे' असा निर्णय दिला. देवाचे शब्द ज्या कानांना गोड लागत, त्यांना कुंभाराचा शब्द सोसेना. त्यांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेले. देवाने कैवार घेतला नाही, गुरू करण्यास सांगितले.

औंढा नागनाथच्या मंदिरात विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले आढळले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. या वेळी नामदेव रागावून परतले नाहीत. सांगितल्याप्रमाणे त्यांनी ते पाय हातांत घेतले.