आजचा अभ्यासपाठ : गाडीत दुसरी खोली नसते



आजचा विषय आहे जोडप्याने केलेला प्रवास. आपल्या बेला-जैनथ भागातली पुष्कळ कुटुंबं कापसाची पहिली वेचणी आटोपली की माहूरला जातात. पूर्वी बंडीने जायचे. बंडीतच अंथरूण, शिधा, बैलांचा कडबा. रात्री झाडाखाली मुक्काम. आता काही जण स्वतःच्या गाडीतच झोपायची-स्वयंपाकाची सोय करून निघतात. पद्धत नवी वाटली तरी गोष्ट तीच आहे.

आपल्या परिवारातलं एक जोडपं गेल्या मार्गशीर्षात असं गेलं. लग्नाला बावीस वर्षं झालेली, मुलं बाहेर शिकायला. जुन्या व्हॅनमध्ये फळी टाकून गादी, लहान सिलिंडर, पाण्याचा कॅन. बेला, आदिलाबाद, किनवट, उनकेश्वर आणि माहूर असा बेत. त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून लिहितो आहोत, नावं दिलेली नाहीत.

*काय घडलं*

किनवटच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. दादा पंक्चर काढणाऱ्या पोरासमोरच वहिनींवर ओरडले, "निघताना एवढंही पाहता येत नाही?" खरं तर ते काम वहिनींचं नव्हतंच. त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पैनगंगेकाठी उनकेश्वरला, गरम पाण्याच्या कुंडांजवळ मुक्काम केला. खिचडी अर्धी शिजली आणि गॅस संपला. शेवटी भाकरी आणि ठेचा खाऊन झोपले. वहिनी गप्पच.

दुसऱ्या दिवशी माहूरच्या चढावर गाडी तापली, काटा लालवर गेला. दादा घाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. मागून एक ट्रकवाले काका ओरडले, "अरे थांब! वाफ तोंडावर येईल. थंड होऊ दे, मग उघड, मग पाणी टाक."

अर्धा तास बसावं लागलं. तेव्हा दादांनी विचारलं, "कालपासून बोलत का नाहीस?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, घरी तुम्ही ओरडलात की मी दुसऱ्या खोलीत जाते. गाडीत दुसरी खोली नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं. नाही बोलले तर तुम्हाला वाटलं, सगळं ठीक आहे. बावीस वर्षं असंच चाललंय."

दादांना उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "स्टेपनी बघणं माझं काम होतं."

"ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "पण ओरडलात त्या पोरासमोर, आणि कबूल करताय एकट्यात."

परतताना दादांनी त्याच दुकानापाशी गाडी थांबवली. त्या पोरासमोर म्हणाले, "त्या दिवशी चूक माझी होती, हिची नव्हती." पोरगं हसलं. वहिनी हसल्या नाहीत, पण पुढच्या वाटेवर आपण होऊन बोलायला लागल्या.

*यातून काय घ्यायचं*

१) ट्रकवाल्या काकांच्या सांगण्यात दोन भाग आहेत. तापलेलं झाकण लगेच उघडू नये हा पहिला. तो आपण सगळे जाणतो, राग आला की नामस्मरण करतो, गप्प बसतो. पण दुसरा भाग विसरतो : थंड झाल्यावर झाकण उघडून पाणी टाकावंच लागतं. नाही टाकलं तर गाडी पुढच्या चढावर पुन्हा तापेल. आपल्या मार्गात मौनाला मोठं स्थान आहे. पण साधनेचं मौन वेगळं आणि घाबरून धरलेलं मौन वेगळं. घरातलं माणूस गप्प आहे म्हणजे शांत आहे, असं धरून चालू नका.

२) संत बहिणाबाईंचं चरित्र आठवा. जन्म १६२८, वैजापूरजवळच्या देवगावचा. कर्जापायी सगळ्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर, कोल्हापूर अशी वणवण करत ते शेवटी देहूला तुकोबांकडे पोचले. वाटेतल्या हालअपेष्टा त्यांनी आत्मनिवेदनात सांगितल्या आहेतच, पण पतीचा राग आणि मारही लपवला नाही. पुढे पती आजारी पडले, पश्चात्ताप झाला आणि त्यांची वृत्ती पालटली. कुणी म्हणेल, बाईने सोसलं म्हणून नवरा सुधारला. तसा अर्थ काढू नये. सोसणं हा उपदेश नाही. संतपण मिळवलेल्या बाईनेही झालेलं दुःख झाकलं नाही, हा त्यातला धडा.

३) माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. रेणुकामातेच्या कथेत जमदग्नी ऋषींचा कोप आहे. तप मोठं होतं, तरी एका क्षणाच्या रागाने घर उद्ध्वस्त झालं. आपण किती माळा जपतो याचा हिशोब ठेवतो. घरात कुणावर किती वेळा ओरडलो, याचाही ठेवला पाहिजे.

*निघणाऱ्यांसाठी*

▪️ स्टेपनी, जॅक, पान्हा निघण्याआधी आदल्या दिवशी बघा. कुणी काय बघायचं ते ठरवून कागदावर लिहा, म्हणजे खापर फोडायला जागा राहत नाही.
▪️ बंद गाडीत शेगडी पेटवू नका, इंजिन चालू ठेवून झोपू नका. विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. स्वयंपाक बाहेर मोकळ्यावर.
▪️ गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. काढता येणारी फळी-गादी बरी.
▪️ अडचणीत ११२ तेलंगणातही चालतो, महाराष्ट्रातही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

*या आठवड्याचा अभ्यास*

गुरुवारच्या आरतीनंतर नवरा-बायकोने दहा मिनिटं बसावं, मोबाईल बाजूला ठेवून. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा : "मी चारचौघांत तुला दुखावलं, असं शेवटचं कधी झालं?" समोरचा बोलेल तेव्हा मध्ये तोडायचं नाही, सफाई द्यायची नाही. आणि चूक चारचौघांत झाली असेल, तर ती त्याच चौघांसमोर कबूल करायची.

उत्तरं गटात टाकू नका. ती घरातच राहू द्या.

जय गुरुदेव 🙏