मुलाला सांगूनच सोडा

पालकहो,

तुमच्या मुलानं घरी आणलेला एखादा जीव खोक्यात, बरणीत किंवा टाकीत मलूल पडला असेल, तर मूल शाळेत गेल्यावर तो गुपचूप बांधावर टाकून येऊ नका. आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. संध्याकाळी 'पळून गेला बघ' म्हणून वेळ मारून नेता येते. पण त्या जिवाचं पुढं काय झालं हे मुलाला कधीच कळत नाही. आपल्या हातून काही बिघडलं तर ते निस्तरायचं कसं, हे शिकायची संधीही हुकते.

मी अकोले तालुक्यात जनावरांवर उपचार करतो. दिवस जातो गायी-शेळ्यांत. कुठं कासदाह, कुठं पोटफुगी, कुठं रात्री-अपरात्री अडलेली गाय. पण अधूनमधून एखादे आईवडील पिशवीत काहीतरी झाकून आणतात. पोपट असतो, कासव असतं, ऊसतोडीत सापडलेलं रानमांजराचं पिल्लू असतं. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर एक घोयरा आला. घोयरा म्हणजे शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, रंग बदलणारा सरडा. कुंपणावर मान हलवत बसतो तो साधा सरडा वेगळा. घोयरा सहसा दिसत नाही, कारण तो पानासारखा हलत हलत, अगदी सावकाश चालतो.

काट्याची कुपाटी मोडताना तो मुलाच्या काकांना सापडला होता. मुलगा पाचवीतला. घरात माशांची जुनी काचेची टाकी होती, तीत त्याला ठेवलं. गल्लीतली पोरं जमली. लाल कापडावर ठेव, निळ्या कापडावर ठेव, असे खेळ झाले. खायला भात, टोमॅटोची फोड, भाकरीचा चुरा आणि झाकणात पाणी. पुढं सुट्टी लागली, सगळे मामाच्या गावाला गेले आणि टाकी खिडकीत राहिली. परत आले तेव्हा घोयरा तळाशी काळपट होऊन पडला होता. भर दुपारी डोळे मिटलेले.

वडील दवाखान्यात मुलासमोरच बोलायला लागले, "हा म्हणत होता मी सगळं बघतो, आणि बघा!" पोराची मान खाली. मी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की दहा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं आणि घरातल्या मोठ्यांपैकीही कुणी विचारून घेतलं नव्हतं. पालकहो, इथं मी मुलाच्या बाजूचा आहे. हौस त्याची होती, पण त्या जिवाला काय लागतं याची चौकशी करणं हे मोठ्यांचं काम होतं.

काय काय चुकलं होतं, ते सांगतो. झाकणातलं पाणी घोयऱ्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानावरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो. म्हणजे समोर पाणी ठेवलेलं असतानाही तो तहानेनं वाळत होता. डोळ्यांचे बुरूज आत गेलेले, कातडीला सुरकुत्या. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तो पांढरा हवा, तो गडद केशरी झाला होता. अंगात पाणी नसल्याची ती पक्की खूण. भात-भाकरी हे त्याचं अन्नच नाही, त्याला जिवंत किडे लागतात, तेही हलणारे. त्याची जीभ त्याच्या शरीराहून लांब जाते, आणि ती जाते हलत्या भक्ष्यावर. आणि तिसरी गोष्ट म्हणजे काच. उन्हातले जे अतिनील किरण अंगावर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, ते साध्या काचेतून जवळपास येतच नाहीत. ड जीवनसत्त्व नाही म्हणून कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढून घेतं. त्याचे पुढचे पाय कोपरापाशी वाकले होते, जबडा बोटाला मऊ लागत होता. पूर्वी मुलांना मुडदूस व्हायचा, पाय फाकायचे, तशातलाच हा प्रकार. खिडकीत ठेवलाय, ऊन मिळतंय, असं घरच्यांना वाटत होतं. उलट बंद काचेच्या टाकीवर थेट ऊन आलं असतं तर थोड्याच वेळात तो आत भाजून मेला असता.

रंगांच्या खेळाविषयीही सांगायला हवं, कारण तो खेळ सगळीकडे चालतो. घोयरा कापडाचा रंग बघून रंग बदलत नाही. भीती, राग, ऊन, थंडी, जोडीदार किंवा वैरी यांप्रमाणे त्याचा रंग बदलतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करमधल्या एका जातीवर काम करून दाखवलं की त्याच्या कातडीतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग पालटतो. मुलांना हे सांगा, त्यांना आवडतं. आणि हेही सांगा की दहाजण घोळका करून उभे असताना तो काळा-पिवळा होत होता, ती बहुतेक भीती होती. हातात घेतलेलं त्याला आवडत नाही. तो एकटा राहणारा प्राणी आहे. त्याला सवय लागत नाही, तो फक्त सहन करतो.

उपचाराला हात लावण्याआधी मी वनखात्याला फोन करायला लावला, आणि तो वडिलांनाच करायला लावला. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे घोयरा संरक्षित आहे. तो घरी पाळता येत नाही. असा वन्यप्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. वडील घाबरले होते, "गुन्हा दाखल होईल का हो?" स्वतःहून कळवणाऱ्याचा हेतू दिसतो, एवढंच मी म्हणालो. वनरक्षक आले, पंचनामा झाला, आणि बरा होईपर्यंत त्याला माझ्याकडं ठेवायचं ठरलं. आपल्या तालुक्यात उसात बिबट्याचं बछडं सापडलं की लोक लगेच फोन करतात, जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट्या केंद्र सगळ्यांना माहीत असतं. सरड्यासाठी फोन करायचा म्हटलं की मात्र लाज वाटते. ती वाटू देऊ नका.

खरी कसोटी पुढं होती. उपाशी जीव दिसला की आईचा हात आधी घासाकडं जातो. इथं तसं करायचं नसतं. अंगात पाणी नसताना खाणं दिलं तर ते पचत नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो. आधी पाणी, तेही तोंडात ओतायचं नाही. पिचकारीनं ओतलेलं पाणी श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो. मी जास्वंदाची फांदी आणली, लाकडी चौकटीला मच्छरदाणीचं कापड लावून पिंजरा केला आणि वरून सलाइनची नळी टांगली. चक्री इतकी घट्ट केली की एकेक थेंब पानावर पडून घरंगळत खाली जावा. घोयरा बराच वेळ नुसता बसून राहिला. मग एक डोळा अर्धा उघडला. थेंब नाकाच्या टोकाशी आला तसा त्याचा जबडा चघळल्यासारखा हलला, थांबला, पुन्हा हलला. मुलगा श्वास रोखून बघत होता. आईच्या दंडाला धरून म्हणाला, "पितोय."

त्या दिवसापासून तो शाळा सुटली की दवाखान्यात यायचा. मी त्याला वही दिली. वजन किती, विष्ठा कशी, डोळे किती वेळ उघडे, काय खाल्लं. वजन करायला शेजारच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, कारण गुरांच्या काट्यावर घोयरा दिसतच नाही. केशरी रंग हळूहळू फिका होत पांढऱ्यावर आला तेव्हा त्यानं वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. कॅल्शियमचे थेंब मी देत होतो. सकाळचं कोवळं ऊन जाळीतून, अर्धा पिंजरा पानांच्या सावलीत, म्हणजे नको वाटलं की तो आत सरकेल.

किड्यांची व्यवस्था मुलाची. एकच अट घातली होती, फवारणीच्या रानातला किडा नको. आपल्या अकोले-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोवर किती फवारणी होते, ते तुम्हाला सांगायला नको. तो मग डोंगराकडच्या गायरानातून नाकतोडे आणायचा, रात्री अंगणातले रातकिडे. काजवे दिले तर चालतील का, असं त्यानं विचारलं. आपल्याकडं मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजव्यांसाठी गर्दी होते, त्यामुळं मुलांच्या डोक्यात काजवे असतातच. काजवा देऊ नये. अमेरिकेतल्या काही जातींच्या काजव्यांत असं विष आढळलं आहे की एखाद-दोन खाल्ले तरी सरड्यासारखे प्राणी मरतात. आपले काजवे त्यातले आहेत की नाहीत, हे एका आजारी जिवावर तपासून बघायचं नसतं. आणि भंडारदऱ्याहून बाटलीत काजवे भरून घरी आणू पाहणाऱ्या मुलाला तिथंच थांबवा, हेही जाता जाता सांगतो.

सुरुवातीला घोयऱ्याची जीभ बाहेर येऊन मध्येच पडायची. हाडं मऊ झाली की जिभेच्या मुळाशी असलेलं हाडही साथ देत नाही. मुलगा चिमट्यात नाकतोडा धरून अगदी तोंडाशी न्यायचा आणि हात हलू द्यायचा नाही. दहा वर्षांचं पोर इतकं स्थिर बसलेलं मी क्वचित पाहिलं आहे. प्रत्येक वेळी नंतर साबणानं हात धुवायचे, हा नियम आईनं पाळून घेतला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हात लावूच नये.

एके दिवशी घोयऱ्यानं वीतभर अंतरावरून माशी उचलली. पोरगं ओरडलंच.

पाय मात्र पूर्ण सरळ झाले नाहीत. वाकलेलं हाड घट्ट होतं, पण वाकलेलंच राहतं. मुलानं विचारलं, "काका, हे माझ्यामुळं झालं ना?" त्याच्या आईनं दिलेलं उत्तर मला फार योग्य वाटलं. ती म्हणाली, "हो, आपल्यामुळं झालं. आणि आता बरा होतोय तोही आपण केलं म्हणून." 'तुझ्यामुळं' न म्हणता ती 'आपल्यामुळं' म्हणाली, आणि झालेलं नाकारलं नाही. मुलं खोट्या समजुतीनं शांत होत नाहीत, गप्प होतात. घोयरा वाचला नसता, तरी मी त्यांना हेच करायला सांगितलं असतं, म्हणजे मुलाला सोबत घ्यायचं, खरं सांगायचं आणि त्याला हवं तेवढं रडू द्यायचं.

फांदी घट्ट धरतोय, स्वतः शिकार करतोय, वजन टिकून आहे, हे बघून वनरक्षकांनी त्याला तो सापडला होता त्याच शिवारात, ओढ्याकाठच्या बोरी-करंजात सोडलं. मुलगा बरोबर होता. त्याला तो घरीच ठेवायचा होता, हे त्यानं लपवलं नाही. 'बरा झाला म्हणून तर सोडायचा' हे त्याला पटायला वेळ लागला, आणि त्या वेळात कुणी त्याला घाई केली नाही.

आता शहरात राहणाऱ्या, सुट्टीला गावी येणाऱ्या पालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. मुंबई-पुण्याकडं येमेन-सौदीकडच्या जातीचे रंगीत शॅमेलिऑन, म्हणजे घोयऱ्याचेच परदेशी भाऊबंद, पाळायला घेतात. परदेशी आहे म्हणून कायदा लागत नाही, असं विक्रेता सांगेल. ते खरं नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत कोंबलेले सरपटणारे जीव पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कागद नसलेला प्राणी कुठून आलेला असतो, ते त्यावरून समजावं. या परदेशी शॅमेलिऑनलाही थेंबांचं पाणी, जिवंत किडे, अतिनील दिवा, उंच जाळीचा पिंजरा आणि मादी असेल तर अंडी घालायला खोल ओलसर माती लागते. माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडून ती मरू शकते. हे सगळं वर्षानुवर्षं करणार असाल तरच विचार करा. वाढदिवसाची भेट म्हणून तर कधीच नको. आणि कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी आपल्या रानात सोडू नका, त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार जाणणारा डॉक्टर गाठा.

तुमच्या घरात आत्ता असा एखादा जीव असेल, तर आज मूल शाळेतून येईपर्यंत थांबा. मग त्याला शेजारी बसवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात त्याला सोबत घेऊन जा. तोवर प्राणी सावलीत ठेवा, काचेतून जाळीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात हलवा, आत एक फांदी ठेवा, पानांवर पाणी शिंपडा आणि जबरदस्तीनं काही भरवू नका. फोनवर काय झालं ते मुलाला सांगू द्या. त्याला ते सांगता येतं.