दुकानाची पाटी आणि संकल्पचित्राचा पहिला पाठ

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत कापसाचा हंगाम, सोयाबीन-तुरीची आवक, करांचे नवे नियम या विषयांवर अभ्यासू सभासद दरवर्षी लिहीत असतात. प्रस्तुत लेखाचा विषय काही सभासदांना व्यापाराच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या, म्हणजे ज्यास हल्ली सर्रास ग्राफिक डिझाईन म्हणतात त्या विषयाच्या, पहिल्या वर्षी काय शिकवितात आणि गादीवर बसणाऱ्यास त्याचा उपयोग काय, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. लेखक चित्रकार नाही. डाळींचा व्यापारी आहे. हा विषय त्याच्या घरात शिरला तो पुतणीच्या हट्टाने, आणि मुरला तो स्वतःच्याच एका चुकीमुळे.

ती चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तूरडाळ पाकिटांत भरून विकण्यास आरंभ केला. लेबल कसे असावे हे मीच छापखान्यात उभा राहून सांगितले. पेढीचे नाव मोठ्या लाल अक्षरांत, त्याभोवती वेलबुट्टी, खाली शुद्धतेची ग्वाही, मध्यभागी बैलजोडीचे चित्र, उरलेल्या जागेत पत्ता, आणि जेथे काहीच मावेना तेथे वजन. तेही पिवळ्या भुईवर पांढऱ्या आकड्यांत, कारण ते मला शोभिवंत वाटले. छापून आलेला गठ्ठा पाहून मी समाधान पावलो. पंधरा दिवसांनी इंद्रवेल्लीच्या बाजूचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले, पाकीट उलटसुलट फिरवून पाहिले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "शेठजी, वजन लपवायला केव्हापासून लागलात?"

पाकिटात वजन पुरेपूर होते; काट्यावर टाकून दाखविलेही. परंतु ज्या पेढीवर तीन पिढ्या मापात खोट म्हणून कोणी बोट दाखविले नाही, तिच्यावर हा प्रश्न यावा याचे मला अतोनात वाईट वाटले. माल खरा असून त्यावरचा कागद खोटा दिसत होता.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलीने उपयोजित कलेचे शिक्षण घेण्याचा हट्ट धरला. यवतमाळला आजोळी राहून शिकत असताना तिने एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा दिल्या होत्या, आणि त्यांतल्या संकल्पचित्र व अक्षरलेखन या विषयांची तिला गोडी लागली होती. बंधूंचे म्हणणे सरळ होते. पाट्या रंगविणारे बाजारात थोडे आहेत काय, की त्यासाठी चार वर्षे आणि वसतिगृहाचा खर्च करावा? अखेर मातोश्रींनी शब्द टाकला आणि मुलगी महाराष्ट्रातील एका कला महाविद्यालयात दाखल झाली. पहिल्या सुटीत ती घरी आली तेव्हा बंधूंनी तिची मोठी वही उघडली. पानोपानी काळे ठिपके, काळे चौकोन, काही आडव्या-उभ्या रेषा. ना फूल, ना पक्षी, ना रंग. "सहा महिन्यांत एवढेच?" असे म्हणून त्यांनी वही मिटली. ती त्या मुलीने माझ्यापुढे सरकविली.

पहिल्या पानावर सारखे दोन चौकोन होते. एकात ठिपका बरोबर मध्यभागी, दुसऱ्यात उजव्या खालच्या कोपऱ्याशी. मध्यावरचा ठिपका स्वस्थ बसला होता. कोपऱ्याचा जणू बाहेर निघाला होता. ठिपका तोच, फरक पडला तो भोवतीच्या रिकाम्या जागेने. रिकाम्या जागेलाही वजन असते, हा या विद्येचा पहिला पाठ. आपणा व्यापाऱ्यांस तो पचण्यास कठीण. जाहिरातीत इंचाइंचाचे पैसे मोजले, मग तिळभर जागा मोकळी का सोडावी, असे आपणास वाटते. परंतु दाटीवाटीने भरलेल्या कागदावर डोळा कोठेच थांबत नाही.

यानंतरचा पाठ समतोलाचा, आणि तो मला पटकन उमगला. समतोल दोन प्रकारचा असतो. दोन पारड्यांच्या तराजूप्रमाणे दोहीकडे सारखे ठेवले की झाला एक. लग्नपत्रिकेत तो शोभतो. दुसरा आहे जुन्या सरकत्या वजनाच्या काट्याचा. दांडीवरचे लहानसे वजन दूर सरकविले की पाट्यावरचे भरलेले पोतेही तोलले जाते. तद्वत् कागदाच्या एका अंगास मोठे चित्र आणि दूर दुसऱ्या कडेस लहान पण गडद अक्षरांची एकच ओळ, असाही तोल साधतो, आणि तो अधिक सजीव वाटतो.

छटांचा पाठ मात्र माझ्या वर्मी लागला. रंग वेगळे असले म्हणजे ते वेगळे दिसतातच असे नाही. त्यांतील उजळपणाचा आणि गडदपणाचा फरक डोळा आधी पाहतो. पिवळा आणि पांढरा हे दोन्ही उजळ, म्हणून माझा वजनाचा आकडा भुईत विरून गेला. याची परीक्षा बिनखर्चाची आहे. डोळे अर्धवट मिटून लेबलाकडे पाहावे. जे नाहीसे होते ते गिऱ्हाइकालाही दिसत नाही. मुलीने येथे घरचाच दाखला दिला. २०१६ साली जिल्हे विभागले जाईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मलची चित्रे आपण पाहुण्यांस भेट देतो. त्यांतील प्रसिद्ध प्रकारात भुई काळी आणि आकृती सोनेरी. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकावरूनही ती आकृती उठून दिसते. निर्मलच्या कारागिरांनी हे कोणत्या महाविद्यालयात शिकलेले नव्हते, हे बंधूंनी लगेच सुनावले. ते खरेच आहे. महाविद्यालय एवढेच करते की पिढ्यानपिढ्या हाताने कळलेले ज्ञान नियम म्हणून मांडते, म्हणजे ते निर्मलच्या चित्रावरून डाळीच्या पाकिटावर नेता येते.

पुढे क्रमाचा व सान्निध्याचा विचार येतो. वाचणाऱ्याने प्रथम काय पाहावे, मग काय, आणि शेवटी काय, हे आधी ठरवावे; जे परस्परसंबद्ध ते जवळ ठेवावे, जे नाही ते दूर. माझ्या लेबलावर नाव, ग्वाही, बैलजोडी आणि वेलबुट्टी ही चारही एकाच मोठ्या आवाजात बोलत होती. लिलावात सगळे अडते एकदम ओरडू लागले तर शेतकऱ्यास भाव ऐकू येईल काय? येथे हेही सांगितले पाहिजे की वजन, किंमत, उत्पादकाचे नाव ही माहिती ठळक व सुवाच्य असावी, असा आवेष्टित वस्तूंविषयी २०११ च्या वैधमापन नियमांचा दंडक आहे, आणि आकड्यांची किमान उंचीही त्यांत ठरवून दिलेली आहे. म्हणजे सुवाच्यता ही केवळ रसिकतेची बाब नाही.

रंगांविषयी वर्गात रंगचक्र, उष्ण व शीत रंग, विरोधी रंगसंगती असे बरेच शिकवितात. ते सर्व येथे देण्याचे प्रयोजन नाही. एकच उदाहरण पाहू, कारण ते प्रत्येक जैन घरात रोज हाताळले जाते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारी वस्तूसाठी हिरव्या चौकटीत हिरवा गोल आणि मांसाहारी वस्तूसाठी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल, ही चिन्हे आपल्या देशात २००१ साली सक्तीची झाली. कल्पना उत्तम होती. पण तीत एक दोष राहिला. दोन्ही आकृत्या हुबेहूब सारख्या, भेद केवळ रंगाचा. ज्यांच्या डोळ्यांस लाल-हिरव्या जातीच्या रंगांतील फरक कळत नाही, त्यांना हिरवा आणि तपकिरी गोल जवळजवळ एकच भासतो. हा दोष जन्मजात असतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. अशा व्यक्तीने श्रद्धेने चिन्ह पाहावे आणि तरीही फसावे, अशी ती स्थिती होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी मांसाहारी वस्तूसाठी गोलाऐवजी तपकिरी त्रिकोण ठरविला. आता रंग न कळला तरी आकार कळतो. भेद महत्त्वाचा असेल तर तो केवळ रंगावर सोपवू नये, हे तत्त्व पहिल्या वर्षाच्या वहीत एका ओळीत लिहिलेले होते. आपल्या आहाराचे पावित्र्य अशा एका ओळीवर अवलंबून असू शकते, हे बंधूंनाही त्या दिवशी मान्य करावे लागले.

आता अक्षरांकडे वळू, कारण आदिलाबादच्या व्यापाऱ्यास खरी अडचण तेथेच येते. आपल्या पाट्यांवर तेलुगू, इंग्रजी, हिंदी किंवा मराठी आणि क्वचित उर्दू अशा तीन-चार लिप्या एकत्र नांदतात. पेनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, आणि गिऱ्हाईक दोन्ही तीरांचे. पाटी रंगविणारा सर्व ओळींना सारखी उंची देतो आणि तरीही एक लिपी दांडगी, दुसरी दुबळी दिसते. याचे कारण लिप्यांच्या शरीररचनेत आहे. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणून तिला वरखाली श्वास घेण्यास जागा लागते. तेलुगूस शिरोरेषा नाही. गोलाकार अक्षरे, माथ्यावर तलकट्टू, आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा खाली उतरते. उर्दू उजवीकडून डावीकडे तिरपी उतरत जाते. म्हणून उंची फुटपट्टीने सारखी करू नये, ती डोळ्याला सारखी दिसेल अशी करावी. गाठींवर मार्का उमटविण्यासाठी पत्र्यात अक्षरे कोरतात तेव्हा शिरोरेषा सलग कापता येत नाही, मध्ये पूल सोडावे लागतात. ते कोठे सोडावेत हाही अक्षररचनेचाच प्रश्न होय.

या बाबतीत मराठी मुलखाची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि तेथील देवनागरी खिळ्यांचे सौंदर्य राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. आज आपल्या संगणकावर देवनागरी बिल ज्या 'मंगल' अक्षरात पुष्कळदा उघडते, ते र. कृ. जोशी यांनी घडविलेले. मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक संकल्पन केंद्रात त्यांनी अध्यापन केले. त्याच केंद्रात संशोधन करणारे डी. उदयकुमार यांनी रचलेले रुपयाचे चिन्ह केंद्र सरकारने २०१० साली स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' ही दोन्ही एकाच आकारात, आणि वर शिरोरेषेची आठवण देणाऱ्या समांतर रेषा. दिवसातून शंभर वेळा आपण ते लिहितो. ते एका विद्यार्थ्याच्या टेबलावर घडले, हे क्वचितच आपल्या ध्यानी येते.

मुलीने सुटीत आमचे लेबल नव्याने रचले. भुई पांढरी, पेढीचे नाव गडद हिरवे, वजनाचा आकडा काळा व ठसठशीत, भोवती भरपूर मोकळी जागा. बैलजोडी तिने काढून टाकली, कारण ती तिला जुनाट वाटली. पाकीट देखणे झाले, आणि खपेना! खेड्यापाड्यांतील कित्येक गिऱ्हाइके अक्षरे वाचतच नव्हती. "बैलाची डाळ द्या" असे म्हणून ती माल मागत. बैल गेल्यावर त्यांना आमची डाळ सापडेना. मुलीचा चेहरा उतरला. मी तिला एवढेच म्हटले की माझी चूक छापून गावोगाव गेली होती, तुझी निदान पहिल्या गठ्ठ्यातच कळली. पुढे तिने बैलजोडी परत आणली, पण बारीकसारीक रेषा गाळून, दोनच छटांत, नखाएवढी छापली तरी ओळखू येईल अशी. वजनाचा आकडा तसाच ठेवला. इंद्रवेल्लीकडचे ते गिऱ्हाईक पुन्हा आले. या खेपेस त्यांनी पाकीट फिरवून पाहिले नाही.

ज्या सभासदांच्या मुलामुलींस या मार्गाने जाण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ चे. तेथे १९३५ साली व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची वेगळी उपयोजित कला संस्था झाली. आपल्या तेलंगणात हैदराबादेस जवाहरलाल नेहरू वास्तुशास्त्र व ललितकला विद्यापीठात हा विषय शिकवितात. बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो आणि प्रवेशासाठी चित्रकलेच्या हाताची परीक्षा होते. म्हणून मुलास आठवी-नववीपासूनच नित्य रेखाटनाची सवय लावावी. संगणक पुढे आपोआप येतो. पाहण्याची सवय येत नाही.

बंधूंचे मन पुरते वळले असे मी म्हणणार नाही. वसतिगृहाच्या खर्चाचा आकडा ते अजून अधूनमधून ऐकवितात. परंतु गेल्या दिवाळीपूर्वी दुकानावर नवी पाटी चढत होती, तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, चष्मा काढला, डोळे अर्धवट मिटले, आणि शिडीवरच्या माणसास ओरडून म्हणाले, "तेलुगू ओळ बोटभर खाली घ्या, वरच्या मराठी उकारांना खेटते आहे."