बाळाच्या वजनाची रेष वाचायला शिकूया

मैत्रिणींनो, गटाचं पासबुक आपण दर महिन्याला बघतो. शिल्लक वाढली नाही तर लगेच विचारतो, "का बरं?" तसंच एक पासबुक आपल्या बाळाचंही असतं. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात वजनाचा तक्ता असतो, मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. घाबरू नका, दहा-पंधरा दिवसांत ते भरून येतं. ३ किलोचं बाळ पाच-सहा महिन्यांत साधारण ६ किलोचं होतं आणि वर्षाचं होता होता ९ किलोच्या आसपास जातं. जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर जास्त जपायचं.

अंगणवाडी ताई दर महिन्याला तक्त्यावर टिंब मांडते. ती टिंबं जोडली की रेष तयार होते. रेष वर चढत असेल तर वाढ चांगली. आडवी झाली किंवा खाली वळली, तर काहीतरी अडलंय.

समजा, बाळ सातव्या महिन्यात ७ किलो, आठव्यातही ७ आणि नवव्यातही ७. टिंब अजून हिरव्या पट्ट्यात आहे, बाळ खेळतंय, हसतंय. घरचे म्हणतात, "आमच्यात सगळे बारीकच." पण रेष आडवी आहे, म्हणजे वाढ थांबलीय. पिवळ्या पट्ट्यात जाण्याची वाट बघू नका.

अशा वेळी स्वतःला विचारा:

१. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध दिलं का? घुटी, मध नको. उन्हाळ्यातही वरचं पाणी नको.

२. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू केलं का? वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरतं, अंग भरत नाही. अन्न चमच्यावर टिकेल इतकं घट्ट हवं. कुस्करलेला वरणभात, वर थोडं तेल किंवा तूप, उकडलेलं अंडं, केळं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा.

३. ताप, जुलाब झाले होते का? आजारपणात खाणं बंद करू नका. बरं झाल्यावर एक वेळ जास्त भरवा.

४. आई कामाला गेल्यावर बाळाला कोण भरवतं? त्या माणसाला हे सगळं सांगितलंय का?

वजनासोबत हालचालीही बघा. बाळ दोन महिन्यांचं होऊनही हसत नाही, चार महिन्यांनी मान धरत नाही, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, तर आशाताईला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा धापा टाकू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला हे करा: गटातल्या ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी कार्ड आणावं. सगळ्यांनी मिळून रेष बघावी. जिथे रेष आडवी दिसेल, तिथे त्या आईला दोष देऊ नका. तिच्यासोबत अंगणवाडीपर्यंत चालत जा.